बाटली, वाटी की बोंडले?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते आणि शृंगारतळीच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. बाळंतपणाआधी डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे सव्वीस आठवड्यांच्या रजेतले आठ आठवडे तेव्हाच खर्ची पडले. त्यामुळे मुलगी सव्वाचार महिन्यांची होईल तेव्हा मला कामावर हजर व्हावे लागेल. सकाळी नऊला घर सोडले की परत यायला सहा वाजतात. आतापर्यंत ती पूर्णपणे अंगावरच पिते. गेला आठवडाभर मी काढलेले दूध बाटलीतून देऊन पाहते आहे, पण निपल ओठांना लागताच ती तोंड फिरवते, जिभेने ते बाहेर ढकलते आणि इतकी रडते की मलाही रडू येते. दिवसा तिला सासूबाई सांभाळणार आहेत. त्या म्हणतात, एक दिवस अंगावर घेऊ नकोस, भूक लागली की निमूट पिईल. माहेरी आईचे म्हणणे असे की, बाटली घरात आणूच नकोस, वाटी-चमच्याने पाज. कोणाचे ऐकावे? आणि बाटली घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सर्वांत छोटे आहे. या सदरात कोणत्याही कंपनीच्या बाटलीचे नाव येणार नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरी आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ साली तो कायदा आणखी कडक करण्यात आला. तो नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते, कारण बाळ बाटली घेईल की नाही हे बाटलीच्या किमतीवरून ठरत नाही. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेली, रुंद तोंडाची, आत ब्रश सहज फिरेल अशी आणि सुटे भाग कमीत कमी असलेली एक साधी बाटली घ्यावी. निपल मात्र सर्वांत हळू प्रवाहाचे मागून घ्यावे. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडले पाहिजे. धार लागली तर ते निपल परत करावे.

आता मुलीच्या नकाराविषयी. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत टाळ्याला काहीही लागले की बाळ आपोआप चोखू लागते. त्यात त्याची निवड नसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही आपोआप होणारी क्रिया हळूहळू मागे पडते आणि चोखायचे की नाही, हे बाळ स्वतः ठरवू लागते. म्हणूनच सहाव्या आठवड्यात मुकाट्याने बाटली घेतलेले मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अचानक ती झिडकारते, असेही पुष्कळदा घडते. ज्यांना कामावर परतायचे आहे हे आधीपासून माहीत असते, त्यांनी अंगावर पाजणे नीट बसल्यावर, म्हणजे साधारण चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास, अधूनमधून थोडे काढलेले दूध दुसऱ्याच्या हातून द्यायला सुरुवात करावी, असे मी सांगते. तुमची ती वेळ गेली आहे, पण हातात अजून महिन्यापेक्षा जास्त अवधी आहे आणि घाई न केल्यास तो बहुधा पुरतो.

अंगावर पिताना मुलगी तोंड मोठे उघडते, जिभेने ओढते, सुरुवातीला थोडेच दूध मिळते, मग पान्हा फुटला की ते भराभर येते आणि पुढे पुन्हा मंदावते. हा सारा वेग तिच्या हातात असतो. बाटलीतून मात्र तिने मागण्याआधीच दूध तोंडात येऊ लागते आणि जिभेला लागते ते थंड रबर. त्यातही बाटली आईच्या हातात असेल, तर आईच्या मांडीवर आणि आईच्या वासात असताना तिला भलतेच काहीतरी दिले जाते. तिची तक्रार रास्त आहे. म्हणून पहिला बदल हा करा की, बाटली तुम्ही देऊ नका. पुढे दिवसभर ज्या सांभाळणार आहेत त्या सासूबाईंनीच ती द्यावी आणि त्या वेळी तुम्ही घराबाहेर असावे. माजघरात दार लावून बसणे म्हणजे घराबाहेर असणे नव्हे. मुलीला तुमचा आवाजही कळतो आणि वासही. शेजारच्या घरी जाऊन बसा, किंवा वाडीत एक फेरी मारून या.

सासूबाईंचे मत कोकणातल्या बहुतेक घरांत ऐकू येते, आणि ते दुष्टपणाने दिलेले नसते. अनेक मुले अशी वाढलेली त्यांनी पाहिलेली असतात. तरीही त्या मार्गाने जाऊ नये. भुकेने कळवळलेले बाळ नवे काही शिकण्याच्या मनःस्थितीत नसते. तेव्हा बाटली दिली की निपल आणि रडणे यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसते आणि दुसऱ्या दिवशी बाटली नुसती दिसली तरी ते रडू लागते. शिवाय तीन महिन्यांच्या बाळाने दिवसभर काहीच न पिणे धोक्याचे आहे, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात. त्यातून तुमच्याही छातीत दूध दाटून गाठी येतील, हे वेगळेच.

योग्य वेळ अशी असते की, बाळ जागे आणि शांत आहे, शेवटचे पाजून तास-दीड तास झाला आहे आणि भुकेच्या पहिल्या खुणा दिसू लागल्या आहेत : मूठ तोंडात जाते, मान इकडेतिकडे वळते, ओठांचा चुटचुट आवाज येतो. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि तोवर थांबले की तो प्रयत्न वाया जातो. सकाळी छाती भरलेली असते तेव्हा काढलेले ताजे दूध वापरावे आणि सुरुवातीला वीस मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये. इतक्या कष्टाने काढलेले दूध ओतून द्यावे लागले की आईचा जीव तुटतो, आणि मग ते संपवण्यासाठी बाळावर नकळत जबरदस्ती होते.

सासूबाईंनी मुलीला नेहमीच्या पाजण्याच्या जागी घेऊन बसू नये. पडवीत किंवा खळ्यात बसावे, मुलीची पाठ आपल्या पोटाला टेकवून तिला जवळजवळ बसते धरावे आणि तिचे तोंड बाहेरच्या बाजूला असावे. अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या पाहताना कित्येक मुले नव्या गोष्टीला तोंड उघडतात. निपल आधी कोमट पाण्यात बुडवून, त्यावर दुधाचे दोन थेंब लावून, तिच्या वरच्या ओठाला हलकेच टेकवावे आणि थांबावे. तिने तोंड उघडले तरच ते आत जाऊ द्यावे. पहिले काही दिवस ती नुसते निपल चावेल, जिभेने चाचपेल आणि सोडून देईल. तेही शिकणेच आहे. चोखू लागली की बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी धरावी, म्हणजे दूध आपोआप घशात उतरणार नाही, ते तिला ओढावे लागेल. पाच-सहा घोट झाले की बाटलीचे टोक खाली करून तिला श्वास घेऊ द्यावा, आणि निम्म्यावर आल्यावर हात बदलावा, जसे तुम्ही पाजताना बाजू बदलता. अशा पाजण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढी लागू द्यावीत. भराभर बाटली संपवणाऱ्या बाळाला पुढे अंगावरचा सुरुवातीचा मंद प्रवाह कंटाळवाणा वाटू लागतो, आणि संध्याकाळी घरी आलेल्या आईकडे ते कुरकुर करते.

ती रडू लागली तर प्रयत्न तिथेच थांबवावा, बाटली नजरेआड करावी, तिला खांद्यावर घेऊन शांत करावे, आणि मग तुम्ही येऊन नेहमीप्रमाणे पाजावे. एका वेळी दहा मिनिटे आणि दिवसातून एक-दोन वेळा एवढे पुरे. चार दिवसांत काहीच हालचाल दिसली नाही, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दूध थोडे अधिक कोमट करून पाहावे, बसण्याऐवजी कडेवर घेऊन हळूहळू चालत द्यावे, किंवा झोपेतून नुकती जागी होत असताना, डोळे अर्धवट मिटलेले असताना द्यावे. तुमची वापरलेली मऊ साडी सासूबाईंनी मांडीवर घेतली तर काही मुले त्या वासाने निवतात. उलट काही मुले आई जवळ आहे असे समजून अधिकच चिडतात. तुमची मुलगी कोणत्या प्रकारची आहे हे एका प्रयत्नात कळेल. दहा प्रकारची निपले आणून रोज नवे तोंडात देण्याचा प्रकार मात्र करू नये. त्यात दुकानदाराखेरीज कोणाचा फायदा होत नाही.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेले दूध एकदा स्वतः चाखून पाहा. काही स्त्रियांच्या दुधात चरबी फोडणारे विकर (एन्झाइम) अधिक कार्यक्षम असते आणि त्यामुळे काही तासांनी दुधाला साबणासारखा वास व चव येते. दूध खराब झालेले नसते, पण काही बाळांना ते नको असते, आणि दोष मात्र बाटलीच्या माथी जातो. मुलगी ताजे काढलेले दूध घेते आणि ठेवलेले नाकारते असे दिसले, तर दूध काढल्याबरोबर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवावे, उकळू देऊ नये, लगेच गार करावे आणि मग ठेवावे. तापवल्याने दुधातील काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून गरज असेल तरच हे करावे.

आता तुमच्या आईच्या सल्ल्याकडे वळते. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचे म्हणणे अधिक भक्कम आहे. बाटलीच्या गळ्यातील आटे, निपलची घडी, झाकणाची खाच या जागी दुधाचा अंश राहतो, तिथे जंतू वाढतात, आणि पावसाळ्यात जुलाबाने दवाखान्यात आणलेल्या बाळाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञ जे पहिले प्रश्न विचारतात त्यांत बाटलीचा प्रश्न असतो. वाटी उघडी असते, तिचा प्रत्येक कोपरा दिसतो आणि ती सहज घासता येते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यशस्वी स्तनपानासाठी १९८९ साली सुचवलेल्या दहा पावलांमध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांना रबरी निपल देऊच नये असे म्हटले होते. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत त्याऐवजी बाटली, निपल व चोखणी यांचा वापर आणि धोके आईला समजावून सांगावेत, असा शब्दप्रयोग आला. म्हणजे दार थोडे उघडले, पण धोके आहेत हे म्हणणे कायम राहिले.

माझे मत असे आहे की, पहिल्याच आठवड्यात दोन्ही गोष्टी सुरू कराव्यात, एका वेळी बाटली आणि दुसऱ्या वेळी वाटी. तीन महिन्यांचे बाळ वाटीने व्यवस्थित पिऊ शकते. त्याला बसते धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी, दूध ओठाला लागेल इतपतच वाटी कलती करावी आणि बाळाला जिभेने चाटत, घोट घेत पिऊ द्यावे. दूध तोंडात ओतू नये. सुरुवातीला निम्मे दूध लाळेऱ्यावर जाते, पण आठवड्याभरात हात बसतो. सासूबाईंना ही पद्धत जमली आणि मुलीला आवडली, तर बाटलीचा विषयच संपला. त्यांच्या हाताला कंप असेल, किंवा दिवसातून चार वेळा इतका वेळ बसणे त्यांना झेपत नसेल, तर बाटली हा व्यवहार्य मार्ग आहे आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. ज्या बाईला दिवसभर बाळ सांभाळायचे आहे, तिच्या हाताला जे जमते तेच अखेर टिकते.

बाटली वापरलीत तर प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून साबणाने आणि ब्रशने घासावेत, पाण्यात पूर्ण बुडवून पाणी उकळू लागल्यापासून दहा मिनिटे उकळावेत आणि निथळू द्यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कापडच वाळत नाही, त्यामुळे फडक्याने, त्यातही पदराने, पुसण्याचा मोह टाळावा. झाकणाच्या पातेल्यात तसेच ठेवून दिलेले चांगले.

मोजमापाची धास्ती घेऊ नये. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला आई नसलेल्या प्रत्येक तासामागे साधारण ३० ते ४० मिलिलिटर दूध लागते; नऊ तासांसाठी सुमारे ३०० मिलिलिटर धरावे आणि ते ६० ते ९० मिलिलिटरच्या वाट्यांत विभागावे. अनेक मुले आई नसताना पोटापुरते थोडेच घेतात आणि संध्याकाळी व रात्री अंगावर पिऊन भरपाई करतात. तुमच्या झोपेच्या दृष्टीने ही गोष्ट सुखाची नाही, पण बाळाच्या दृष्टीने ती चालण्याजोगी आहे. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर चिंता नको. लघवी कमी व गडद झाली, टाळू खोल गेली, ओठ कोरडे पडले किंवा मूल सुस्त वाटू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटच्या दोन आठवड्यांत रंगीत तालीम करावी : आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस बाहेर राहावे. निघण्यापूर्वी आणि परतल्याबरोबर अंगावर पाजावे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याची कायद्यात तरतूद आहे. हजर होण्याआधीच संस्थेला तसा लेखी अर्ज द्यावा. दुपारी कोणी मुलीला रिक्षाने पतसंस्थेपर्यंत आणू शकले, तर दिवसातले एक पाजणे अंगावर होईल आणि उरलेला भार खूपच हलका होईल. तसे शक्य नसेल तर त्याच सुट्ट्यांत दूध काढावे.

आणखी एक. बाटली घेत नाही म्हणून चौथ्या महिन्यातच नाचणीचे सत्त्व किंवा भाताची पेज सुरू करा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध पुरे असते आणि वरचे पाणीही लागत नाही, मे महिन्यातही नाही. तुम्ही हजर झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत केवळ सात-आठ आठवडे उरतात. त्यानंतर नाचणीही येईल, पेजही येईल, आणि पेल्याने पिता येऊ लागले की बाटली बाजूला ठेवता येईल. वर्षाच्या आसपास ती पूर्ण सुटलेली बरी.

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यात काजू कारखान्यात काजू सोलण्याचे काम करते. बाळ पाच महिन्यांचे आहे आणि दिवसा नणंद त्याला वाटीने दूध पाजते. बाळ वाटीने छान पिते. अडचण दुधाची आहे. कारखान्यात फ्रीज नाही. घरी आहे, पण पावसात दोन-दोन दिवस वीज जाते. काढलेले दूध किती वेळ टिकते? दुपारपर्यंत छाती इतकी दाटते की काम करवत नाही. दूध पिळून टाकून द्यावे का?

उत्तर : टाकून देऊ नका, पण दूध काढण्याआधी हातांचा विचार करा. काजूच्या टरफलातील तेल कातडी भाजते हे तुम्हाला मी सांगायला नको. ते तेल बोटांवर असताना छातीला हात लावला तर तिथली नाजूक त्वचा सोलून निघेल आणि तो अंश दुधातही जाईल. कामावर हातमोजे वापरावेत. दूध काढण्यापूर्वी हात नेहमीप्रमाणे तेल चोळून मोकळे करावेत आणि मग साबणाने दोनदा धुवावेत, नखांच्या कडांसह.

दूध हाताने काढता येते. पंप असलाच पाहिजे असे नाही. अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, बोंडाभोवतीच्या काळसर भागाच्या किंचित मागे ठेवावीत, आधी छातीकडे आत दाबावे आणि मग बोटे एकमेकांकडे आणावीत, सोडावे, पुन्हा दाबावे. बोंड ओढू नये आणि कातडीवरून बोटे घासू नयेत. पहिली दोन मिनिटे काही येत नाही. पान्हा फुटला की धारा लागतात. दर तीन तासांच्या सुमारास असे काढले तर छाती दाटणार नाही आणि दूधही आटणार नाही. एखाद्या जागी लाल, गरम, दुखरी गाठ आली आणि ताप भरला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. त्या काळातही दूध काढणे किंवा पाजणे थांबवू नये. थांबवल्यास दुखणे वाढते.

टिकण्याविषयी जे आकडे छापले जातात ते थंड देशांच्या खोल्यांतले आहेत. २५ अंश तापमानापर्यंत काढलेले दूध चार तास चांगले राहते, असे मानतात. वेंगुर्ल्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३० च्या वर असतो, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या दुधावर मी दोन तासांपेक्षा जास्त भरवसा ठेवत नाही. त्याऐवजी रुंद तोंडाचा थर्मास किंवा जाड थर्माकोलचा डबा घ्यावा, त्यात पिशवीत बांधलेला घरचा बर्फ भरावा आणि मधोमध घट्ट झाकणाची, उकळून घेतलेली लहान स्टीलची डबी ठेवावी. बर्फ टिकेपर्यंत, आणि फार तर २४ तास, त्यातले दूध चालते. बर्फ वितळून नुसते पाणी उरले की पुन्हा दोन तासांचा हिशेब लागू होतो.

घरच्या फ्रीजमध्ये, दारात नव्हे तर आत मागच्या बाजूला, दूध चार दिवस राहू शकते. पण ज्या घरात विजेचा भरवसा नाही तिथे ते दुसऱ्या दिवशीच वापरून टाकावे. झाकण घट्ट असावे, कारण शेजारी बांगडे ठेवलेले असतील तर दुधाला तो वास लागतो. बर्फाच्या कप्प्यात महिन्यांचा साठा करण्याच्या फंदात आपल्याकडे पडू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वादळ नसले तरी जुलैतला एक कोसळलेला आंबासुद्धा तेच करू शकतो. वीज गेली तर फ्रीज उघडू नये. गोठवलेल्या दुधात बर्फाचे कण अजून दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येते. पूर्ण पातळ झालेले पण थंड असलेले दूध २४ तासांत वापरावे, पुन्हा गोठवू नये.

देण्यापूर्वी डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून दूध कोमट करावे, गॅसवर ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये दूध एका जागी कढत आणि दुसऱ्या जागी गार राहते आणि बाळाचे तोंड भाजते. वर साय जमल्यासारखे दिसते ते हलकेच फिरवून मिसळावे. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध दोन तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. नणंदेला हे सगळे एकदा करून दाखवा; सांगितलेले विसरले जाते.

प्रश्न : मी अलिबागजवळ राहते. लेक कामावर जाते आणि साडेपाच महिन्यांची नात दिवसभर माझ्याकडे असते. ती बाटलीला तोंड लावत नाही. शेजारणी निपलला मध किंवा साखर लावायला सांगतात. गोठ्यात गाय आहे, तिचे दूध पाणी घालून दिले तर चालेल का? घरात माझ्या सासूबाईंचे पितळी बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोचीचे भांडे, आहे, त्याने पाजू का?

उत्तर : आजी, साडेपाच महिने झाले आहेत, तेव्हा बाटली शिकवण्याच्या मागे लागूच नका. पंधरा दिवसांत तिचे वरचे अन्न सुरू होईल आणि पेल्याने पिणे तिला शिकायचेच आहे. मग मधला टप्पा कशाला? लेकीने काढून ठेवलेले दूध लहान वाटीने किंवा छोट्या पेल्याने द्या.

मध एक वर्षापर्यंत बोटभरही देऊ नये. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, आणि त्याने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळगुटीबरोबर मध चाटवण्याची पद्धतही म्हणूनच सोडावी. साखरेची सवय लागली तर पुढे साधे दूध गळी उतरवणे कठीण होईल. गाईचे दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपतील त्यापेक्षा अधिक असतात. पाणी घातल्याने लोह वाढत नाही, फक्त पोषण घटते. लेकीचे दूध खरोखरच पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बोंडल्याची कल्पना चांगली आहे, भांडे मात्र बदला. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे. तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या व ठेवलेल्या दुधातून पोटात जाणाऱ्या तांब्याशी त्याचा संबंध असल्याचे दिसून आले आणि या विषयावरचे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. अशी भांडी मागे पडली तसा तो आजारही कमी झाला. म्हणून पितळी बोंडले फडताळातच राहू द्या आणि स्टीलचे किंवा चांदीचे घ्या. ते वापरताना नातीला पायावर आडवे घालू नका. त्या स्थितीत दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तिला मांडीवर बसती धरा, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यात ठेवा, थोडे दूध जाऊ द्या, तिने गिळल्याचे पाहा आणि मगच पुढचे द्या. चोचीच्या आत दूध वाळून बसते. ती प्रत्येक वेळी बारीक ब्रशने साफ करून बोंडले उकळून घ्या.